छपरावरचे पोचे

माझं घर मिडविकेटच्या मागे,
चर्चच्या भिंतीला टेकलेलं, पत्र्याचं.
गुयाव्हच्या मैदानाला तेव्हा कुंपण नव्हतं,
माझ्या कोंबड्यांची जाळी, तेवढीच सीमारेषा.

आठवडाभर मी गोदामात जायफळं निवडायचे.
पाण्यात टाकली की भरलेली बुडतात, पोकळ तरंगतात.
शनिवारी घरी. सुजलेले पाय बादलीत,
आणि डोक्यावर एकदम धाड्!
आला, मी म्हणायचे. ऑस्बर्टचा पहिला.

चेंडूची लकाकीसुद्धा उतरलेली नसायची.
समोरच्या टोकाला पिएर मास्तर,
बॅट आणि पॅड यांच्यात सुई शिरू न देणारे,
जेवणापर्यंत अकरा धावा.
जाणते सांगायचे, सलामीला येणाऱ्यानं
आधी खेळपट्टी बघावी, वारा बघावा.
ऑस्बर्ट माझं छप्पर बघायचा.

कोळ्याचा पोर.
फुटक्या वल्ह्याची पहिली बॅट, तिला मिठाचा वास.
मारायचाही वल्हं मारल्यासारखा, कमरेतून,
आणि पाऊल जागचं हलायचं नाही.
सगळे त्याला त्यावरून बोलायचे.
होडीत उभं राहणाऱ्यानं पाऊल हलवून जायचं कुठे?

मग तो बेटाच्या संघात गेला, तिथून मोठ्या संघात.
नऊ कसोट्या.
ब्रिजटाउनला जेवणाआधी एक्क्याण्णव
आणि जेवणानंतरच्या पहिल्याच चेंडूवर
लाँगऑनच्या हातात अलगद.
सिडनीची दोन शून्यं मी रात्री उठून ऐकली,
एकेक, वेगवेगळ्या रात्री.
रेडिओवरचा शहाणा म्हणाला, बेजबाबदार.
मी रेडिओला जायफळ फेकून मारलं.
पोकळ निघालं ते, साधा आवाजही झाला नाही.

काढलं असं कुणी त्याला सांगितलंच नाही,
यादीत नाव यायचं थांबलं.
परत आला आणि मासळीबाजारात बर्फ फोडू लागला,
कमरेतून.

एका रविवारी शिडी घेऊन दारात.
मिस एनिड, तुमचे पोचे काढून देतो.
वर चढून मोजले त्यानं, सदतीस.
दोन नाकारले.
हा माझा नाही, म्हणाला, हा फणस पडल्याचा.
आणि हा पिएर मास्तरांचा.
मास्तरांचा? मी विचारलं.
एकदाच मारला होता त्यांनी, म्हणाला,
आणि आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नाही.
दुपारभर हातोडी चालली.
आधी तीन जागी गळायचं, नंतर सात.
पैसे घेतले नाहीत. मीही देणार नव्हते.

त्याच्या मरणानंतरच्या सप्टेंबरात वादळ आलं.
जायफळाची झाडं मुळांसकट आडवी,
गोदामाच्या हौदात नुसतं पावसाचं पाणी,
बुडायला, तरंगायला काहीच नाही.
माझं छप्पर पानासारखं गेलं, सदतीसच्या सदतीस घेऊन.
आता वर सरकारी स्लॅब आहे.
पडला काही चेंडू, तर मला कळत नाही.

एक पत्रा तेवढा ओढ्यात सापडला पोरांना.
चार पोचे आहेत त्याला.
दगड लावून उभा केलाय मैदानाच्या कडेला,
तोच त्यांचा स्टंप.
त्रिफळा उडाला की तोच आवाज, धाड्,
आणि मी अजून चुकून म्हणते, आला.
पोरं हसतात. म्हातारे, आला नाही, गेला.

काल कफीची नात खेळत होती.
नऊ वर्षांची, केसात निळे मणी, बॅट तिच्याहून जड.
शिकवणारा ओरडत होता, पाय, पाय हलव, पाय!
तिनं पाय हलवला नाही.
चेंडू कुठे गेला ते मला दिसलं नाही, डोळ्यांत पडदा आलाय.
मी बादलीत पाय तसेच ठेवून
जरा वेळ वर कान लावून बसले.